फिल्टरमधल्या अक्षता

वॉशिंग मशीनच्या काचेमागे साबणाचं पाणी तसंच तुंबून राहिलं होतं. मेकॅनिकला बोलवायच्या आधी मी लेकीला व्हिडिओ कॉल लावला. महिन्यापूर्वीच ती लग्न होऊन बंगळुरूला गेली आहे.

"बाबा, आधी प्लग काढ. आता खालचं छोटं झाकण उघड. थांब! परात ठेवलीस का?"

परात ठेवली आणि फिल्टर फिरवला. पाण्याबरोबर फुगलेले, फिकट गुलाबी तांदूळ बाहेर आले. मी ते लगेच ओळखले. तिच्या लग्नात भटजींनी 'सावधान' म्हटलं तेव्हा सगळा हॉल अक्षता टाकत होता आणि माझी मूठ काही उघडली नाही. तिला निरोप द्यायला मन धजत नव्हतं. अक्षता कुर्त्याच्या खिशात राहिल्या आणि आशीर्वाद राहून गेल्याची टोचणी मनात. आज तोच कुर्ता धुवायला टाकला होता.

मी तिला सगळं सांगून टाकलं. ती खळखळून हसली. "म्हणजे लोकांनी माझ्यावर टाकल्या आणि माझ्या बापाने मशीनमध्ये!"

माझा ऊर अभिमानाने भरून आला. आपल्याला वाटतं, आपल्या चार दाण्यांवाचून मुलांचं अडेल. ही तर इतक्या दुरून माझं घर चालतं ठेवते आहे. आशीर्वाद देण्याची गरज बहुधा आपलीच असते.

"मग आता टाक की," म्हणत तिने पडद्यावर मान वाकवली. मी ओल्या अक्षता फोनवर टाकल्या. काचेला चिकटलेल्या दाण्यांमागून तिचा आवाज आला, "पोचल्या, बाबा. आता फिल्टर घट्ट लाव."