डाव्या दाराची काच

ही केस विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, पण जमलं नाही. अजूनही कुणाच्या गाडीत डाव्या बाजूला बसलो की आधी दार आतून उघडतं का ते बघतो, मग काच खाली-वर करून पाहतो. घरातली मुलं हसतात. हसू देत. त्यांना सगळं सांगायचा धीर मला आजवर झालेला नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

ऐंशीच्या दशकात मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. ठाणं म्हणजे एक कौलारू इमारत, एक वायरलेस सेट आणि एक जीप. ती जीप महिन्यातले पंधरा दिवस वर्कशॉपमध्ये असायची. मग गावातली कुणाची तरी गाडी बोलवायची, अशी तिकडे पद्धतच पडून गेली होती. हवालदार जाऊन नुसतं सांगायचा, "साहेबाले गाडी पाह्यजे," की गाडी दारात उभी. नाही असं कुणी म्हणत नसे. लोक आपल्याला मानतात, असं मी समजत होतो.

गावात एक जुनी पिकअप होती. तिशीतला एक माणूस ती स्वतःच चालवायचा. धानाची पोती, बांबू, बाजाराचा माल आणि माल नसला तर माणसं, असं काहीही तो वाहायचा. त्याच्या गाडीतून मीही दोन-चार वेळा बंदोबस्ताला गेलो होतो. माणूस अबोल होता, कामापुरतं बोलायचा.

हिवाळ्यातल्या एका दुपारी ती पिकअप चामोर्शीच्या बाजारातून परत येताना तळ्याच्या पाळीवरून घसरली आणि पाण्यात गेली. ड्रायव्हर बाहेर आला. शेजारी बसलेला त्याचा मित्र आतच राहिला. बैलजोड्या लावून गाडी ओढून काढेपर्यंत तासभर गेला. मी जागेवर जाऊन इन्क्वेस्ट पंचनामा केला, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं आणि आकस्मिक मृत्यूची नोंद घेतली. म्हैस आडवी आली म्हणून गाडी कडेला घेतली, असं ड्रायव्हरने सांगितलं. बघणारं कुणी नव्हतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी घेऊन मी लॉकअपची किल्ली तपासत होतो, तेवढ्यात मयताचा मोठा भाऊ आला. त्याला खुर्ची दिली तरी तो बसला नाही.

"साहेब, माह्या भावाले त्यानं मारलं," तो म्हणाला.

"अपघात आहे तो. मी स्वतः पाहिलंय."

"आमी ढिवर आहोन जी. पोहणं आमाले शिकवा लागत नाई. माहा भाऊ तळ्याच्या बुडातून मासोळ्या काढे. तो पाण्यात मरते काऊन? गाडीचा मालक निंगते अन् ढिवराचा पोरगा आत राह्यते, हे तुमाले पटते का?"

मग तो हळूच म्हणाला, "बाजारात चायच्या टपरीवर दोघाइचं भांडण झालं. विचारून पाहा."

मी टपरीवाल्याला बोलावलं. भांडण झालं होतं, हे खरं निघालं. मयत म्हणत होता, "जाऊन मांगून आण, लाजतं काऊन?" आणि ड्रायव्हर चिडून म्हणत होता, "मी नाई मांगत. तुले पाह्यजे तं तू जा." काय मागायचं होतं आणि कुणाकडून, ते टपरीवाल्याला माहीत नव्हतं. तेवढ्यात शवविच्छेदनाचा अहवाल आला. मृत्यू बुडूनच झाला होता, पण दोन्ही हातांची बोटं सोललेली होती. तो माणूस आतून काच बडवत मेला होता.

आता अपघात म्हणून फाईल बंद करणं शक्य नव्हतं. ३०२ लावून ड्रायव्हरला अटक केली, कोर्टातून पोलीस कोठडी घेतली. त्याच्याही तळहातांना जखमा होत्या.

"या कशाच्या?"

"काचेवर मारून राह्यलो होतो जी. दोनदा बुडी मारली. बाहेरून दरवाजा वढला, पण अर्धा गाळात रुतला होता."

"खोटं बोलू नकोस. बाजारात भांडण कशावरून झालं?"

तो गप्प.

"काय मागून आणायचं होतं? कुणाकडून?"

पुन्हा गप्प. बाकी सगळ्याची उत्तरं तो सरळ द्यायचा, पण या प्रश्नावर मान खाली घालायचा. वीस वर्षांच्या नोकरीत मी एक शिकलो होतो, माणूस जिथे गप्प होतो तिथेच गुन्हा असतो. दुसऱ्या दिवशी माझा तोल गेला आणि मी त्याच्या कानशिलात लगावली. त्याने गालावर हातसुद्धा नेला नाही.

तिसऱ्या दिवशी जिल्ह्याहून मोटार वाहन निरीक्षक आले. बारीक चणीचे, चष्मा लावणारे, घाई अजिबात नसलेले गृहस्थ. ठाण्याच्या आवारात उभ्या असलेल्या त्या पिकअपची त्यांनी एकेक गोष्ट तपासली. ब्रेकचं पेडल, हँडब्रेक, स्टिअरिंगचा खेळ, टायर, मागच्या फाळक्याच्या खिट्ट्या. मग ते डाव्या दारापाशी येऊन थांबले.

"फौजदारसाहेब, हे दार आतून उघडतच नाही. आतला खटका केव्हाचा तुटलाय. बघा, गंज चढलाय."

"मग बसणारा माणूस उतरायचा कसा?"

"काच खाली करायची, हात बाहेर काढायचा आणि बाहेरच्या मुठीने दार उघडायचं. जुन्या गाड्यांत असंच चालतं. पण इथे काच खाली करायचं हँडलही नाही." त्यांनी हँडल बसतं त्या दांड्यावर बोट फिरवलं. "आणि हा दांडा चकचकीत आहे, म्हणजे आठ-दहा दिवसांपूर्वीपर्यंत हँडल वापरात होतं. उजव्या दारालाही नाही. एकच हँडल दोन्हीकडे लावत असतील."

ड्रायव्हरच्या बाजूची काच खालीच होती आणि त्याचं दार नीट उघडत होतं. दोघांच्या मध्ये सीटवर धानाचं पोतं उभं ठेवलेलं होतं, गाडी कलंडल्यावर ते आडवं पडलं. म्हणजे डाव्या बाजूच्या माणसाला ती काच हा एकच रस्ता होता आणि तिचं हँडल कुणीतरी काढून घेतलं होतं. गाडीत ते नव्हतं. ढिवरांनी तळ्याचा गाळ चाळला, तिथेही मिळालं नाही.

मला तर खून डोळ्यांसमोर दिसायला लागला. आधी हँडल लपवलं, मग गाडी पाण्यात घातली. इतक्या थंड डोक्याने मित्राला मारणारा माणूस मी पाहिला नव्हता. मी तरातरा लॉकअपकडे गेलो. बरोबर आमचे म्हातारे हवालदार होते.

"काचेचं हँडल कुठं लपवलंस?"

त्याने एकदम वर पाहिलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नाई लपवलं जी."

"मग आहे कुठं?"

तो माझ्याकडे बघेना. हवालदार गजांजवळ बसले आणि म्हणाले, "सांग ना भाऊ. फाशीवर जाशीन अशानं. कोणाले भेऊन राह्यला?"

तो हवालदारांना म्हणाला, मला नाही. "साहेबापाशी आहे जी. मागच्या बंदोबस्ताच्या दिवशी साहेबाले धूळ लागत होती. मी हँडल देल्लं. साहेबानं काच वर केली अन् कोटाच्या खिशात टाकलं. उतरताना दरवाजा मीच बाहेरून उघडून देल्ला."

हवालदार उभे राहिले. माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.

मी क्वार्टरकडे कसा गेलो ते मला आठवत नाही. खुंटीवर खाकी ओव्हरकोट टांगलेला होता. बंदोबस्तानंतर तो मी घातलाच नव्हता. उजव्या खिशात हात घातला आणि लोखंड बोटांना लागलं. वीतभर लांबीचं, टोकाला काळी मूठ असलेलं ते हँडल हातात घेऊन मी खाटेवर बसलो. आठ-दहा दिवस ते माझ्या भिंतीवर टांगलेलं होतं. तो माणूस आत काच बडवत होता तेव्हाही ते इथेच होतं. आणि ज्याला मी मारलं, त्याला हे पहिल्यापासून ठाऊक होतं.

परत येऊन मी त्याला विचारलं, "मागितलं का नाहीस? आणि अटक झाल्यावर तरी सांगायचं."

"मांगाले दोनदा आलो होतो जी. तुमी कामात होते. तिसऱ्यांदा हिंमत नाई झाली. तोच म्हणत होता, मांगून आण. अन् मंग त्या दिवशी... साहेबानं नेलं म्हणून मेला, असं पोलिसाले कसं सांगाचं?"

त्याच संध्याकाळी मी दोन पंच बोलावले आणि माझ्याच कोटाच्या खिशातून ते हँडल जप्त केल्याचा पंचनामा केला. निरीक्षकांनी ते डाव्या दाराच्या दांड्यावर बसवून फिरवलं. काच सरळ खाली आली. मी माझा जबाब लिहून दिला, ३०२ वगळण्याचा अहवाल पाठवला आणि तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावा अशी विनंती केली. वरिष्ठ वायरलेसवर एवढंच म्हणाले, "हे कागदावर आणायची गरज होती का?" पुढे माझी खातेनिहाय चौकशी झाली, एक वेतनवाढ थांबली. मला ते कमीच वाटलं.

मयताच्या भावाला मी स्वतः घरी जाऊन सांगितलं. घरात बाया रडत होत्या. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याच्यावर तुमी ३०२ लावलं होतं. याले कोणतं कलम लागते जी?"

त्या केसनंतर मी गावातली गाडी कधी मागवली नाही. चौकशीत गप्प बसलेल्या माणसाला मारलंही नाही. तो गुन्हा लपवतोय की मला घाबरतोय, हे आधी बघायला लागलो. पण हे शहाणपण एका पोहणाऱ्या माणसाच्या जिवावर मला मिळालं आणि त्याचं समाधान मला कधीच वाटलं नाही.

ड्रायव्हरला सोडलं त्या सकाळी मी मुद्दाम ठाण्यात थांबलो होतो. तो शिव्या देईल, थुंकेल, निदान तोंड फिरवून जाईल असं वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. त्याने रजिस्टरवर अंगठा उठवला, चपला घातल्या, दोन पायऱ्या उतरला आणि परत फिरला. हात जोडून म्हणाला, "गाडी दुरुस्त होऊन येइन जी आठ दिवसात. साहेबाले लागली तं निरोप पाठवजा."