दादाचा मासा आणि माझी कात्री

मी आयुष्यात एकाच माशाला कात्री लावली, आणि नेमका तो आमच्या घरातला कर्ता पुरुष होता.

थोरला दादा आगबोटीवर खलाशी. सुट्टीवर येताना त्याने सयामकडचा एक निळा, लांब शेपटीचा मासा आणला. दासगाव बंदरापासून पोलादपुराजवळच्या आमच्या वाडीपर्यंत काचेची बरणी पोटाशी धरून आला. (बायकोची साडी बोटीवरच विसरला!) परत जाताना वहिनीला म्हणाला, "हा खुशाल तर मी खुशाल. याच्याकडं बघत जा."

पावसाळा लागला आणि दादाची पत्रं थांबली. वहिनी उठली की आधी बरणीपाशी. मासा हलला, तर चूल पेटायची. मला तिच्याकडे बघवत नसे.

त्यात त्या माशाने स्वतःचीच शेपूट चावून चिंध्या केल्या! वहिनीने जेवण सोडलं. आता वाडीत माझी कीर्ती कशासाठी? लावणी संपली की बैलांच्या शेपटीचे चिखलाने चिकटलेले गोंडे कापून सारखे करावेत ते मीच! म्हटलं, शेपूट नीटनेटकी दिसली की वहिनी दोन घास खाईल. ती विहिरीवर गेली, तसा मासा ओल्या फडक्यात धरला आणि कच्‌कन शेपूट कापली. काय सरळ रेघ आली होती! पण पाण्यात सोडला तर तो तिरका झाला आणि तळाला जाऊन पडला.

वहिनी आली. बरणीत वाकून बघितलं.

"भावजी, कात्री कुनी लावली?"

"कात्री? छे! त्यानंच चावली आसंल."

"चावलेली कड फाटकी आसते. ही तर सरळ हाय."

"आगो, पन बैलाला तर काय व्हत नाय..."

"बैलाचे क्यास आसतात, भावजी. ह्ये त्याचं अंग हाय! दुखलं तर त्यानं वरडायचं कसं?"

तिने माझ्याशी बोलणं टाकलं. रोज डबक्यातल्या डासांच्या अळ्या आणून ती त्याला भरवायची. हळूहळू शेपटीला पातळ, बिनरंगाची कड फुटली. मासा जगला, पण पोहायचा तो एका अंगावर कलून. आपण तिच्या नवऱ्यालाच कापलं, या विचाराने मी कात्रीला हात लावायचं सोडलं.

दिवाळीच्या तोंडावर दादा आला! वहिनी धावली आणि वाटेतच थबकली. दादाच्या हातात काठी होती. बोटीवर साखळी पायावर पडली होती, आणि तो एका अंगावर कलून चालत होता.

अख्ख्या वाडीने त्याच्या पायाकडे बघितलं, मग बरणीकडे, मग माझ्याकडे.

"योगायोग हाय," मी पुटपुटलो.

आईने दादाची दृष्ट काढली, डोळे पुसले आणि मला म्हणाली, "देवाची किरपा रे बाबा, शेपटीवरच थांबलास. मासा तोंडाकडनं सारखा कराया घेतला आसतास, तर माझा पोर गेला आसता!"