आई जरा आजारी आहे

मोराग केर स्कॉटलंडहून आफ्रिकेत, कसामा गावाजवळच्या मुलींच्या वसतिशाळेत जीवशास्त्र शिकवायला आली, तेव्हा तिचे केस तांबूस होते. आता ते पांढरे झाले होते. मुलींसारखीच तीही उसळीतले किडे चिमटीने बाजूला सारायची आणि मक्याच्या न्शिमाचा गोळा बोटांनी वळून जेवायची. नळावरच्या भांडणांत तिचाच निवाडा चालायचा. "केर मॅडम आता आमच्यातल्याच," मुख्याध्यापिका चिसेंगाबाई पाहुण्यांना सांगायच्या, "फक्त उन्हात अजून त्यांचा टोमॅटो होतो!"

त्यांच्यातलं होणं तिला सोपं गेलं नव्हतं. पहिल्याच वर्षी तिने एका मुलीचा हात हातात घेऊन, तुझे वडील वारले, असं सरळ सांगून टाकलं होतं. चिसेंगाबाईंनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. "मरणाची बातमी परक्याने द्यायची नसते, मॅडम. 'जरा आजारी आहेत, घरी बोलावलंय,' एवढंच म्हणायचं. बाकीचं मामा सांगेल. घरी, चार बायका धरायला जवळ असताना."

तेव्हापासून मोराग तसंच सांगत आली. त्या मोठ्या आजाराच्या, एड्सच्या, वर्षांत तर तिला ते फार वेळा सांगावं लागलं. मुली निमूट ट्रंक भरायच्या.

शेवटच्या वर्षाचा जीवशास्त्राचा पेपर होता, त्या सकाळी त्याच वर्गातल्या कसुबाच्या मामाचा फोन आला. "मॅडम, बहीण दवाखान्यात आहे. फार झालंय. सारखी कसुबाला विचारतेय. डॉक्टर म्हणतात, आजचा दिवस..." आणि फोन तुटला.

कसुबा वसतिगृहाच्या ओट्यावर कोळशाच्या इस्त्रीने गणवेशाच्या चुण्या बसवत होती.

"कसुबा, आई आजारी आहे. चल, लगेच निघू. गाडी काढते मी."

कसुबाने इस्त्री अलगद विटेवर ठेवली. "कधी गेली?"

"गेली नाही गं! खरंच आजारी आहे. तुझी वाट बघतेय."

"हो, मॅडम." तिने मान खाली घातली. आजूबाजूच्या मुलींनी हातातल्या बादल्या खाली ठेवल्या. एक तर रडायलाच लागली.

"रडू नका! जिवंत आहे ती!"

"मेबलची आई गेली तेव्हा तिलाही तुम्ही असंच म्हणाला होतात," कसुबा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तिने पुन्हा विचारलं, तर 'खरंच' सुद्धा म्हणाला होतात."

मोराग तसं म्हणाली होती. तिने मामाला फोन लावला. बंद. परत लावला, बंद.

"मयताच्या घरी बंदच असतो," कसुबा म्हणाली.

चिसेंगाबाई धावत आल्या, त्यांनीही सांगून पाहिलं. कसुबाने त्यांच्यापुढे रीतीप्रमाणे गुडघे टेकले आणि त्यांनाही "हो, मॅडम" म्हटलं. मग उठून गणवेश अंगात चढवला.

"पेपर लिहून जाईन. मी नर्स व्हावं हीच तिची इच्छा होती. गेलेलं माणूस थोडं थांबतं, मॅडम. पेपर नाही थांबत."

झाडाला टांगलेल्या ट्रकच्या चाकावर घंटेचे टोले पडले. मुलीला दंडाला धरून गाडीत कोंबावं, असं मोरागच्या मनात आलं. तिने हात पुढेही केला. कसुबाने तो दोन्ही हातांत घेतला, हलकेच दाबला आणि सोडून दिला. सांत्वन ती करत होती.

पेपर सुरू झाला, मोराग बाकांमधून फिरत राहिली. हृदयाची आकृती काढायची होती. कसुबाने चारही कप्पे नीट आखले, नावं सुवाच्य लिहिली. एकदाच बाहीने डोळे पुसले, कागद भिजू नये म्हणून मान वळवून. गाडी दाराशी उभी होती.

 लाल धुळीच्या रस्त्यावर मोरागने गाडी पळवली. खड्ड्यांत मुलीचं डोकं काचेवर आपटायचं, तरी तिला सावकाश हाकणं जमेना.

दवाखान्याच्या आवारात, आंब्याखाली, बायका मयताला बसतात तशा पाय पसरून जमिनीवर बसलेल्या दिसल्या. मोरागने गाडी थांबवली.

मामा पुढे आला. त्याने आधी मोरागला बाजूला घेतलं. "मघाशीच गेली. हात अजून गरम आहेत. शेवटपर्यंत दाराकडे बघत होती. एवढा उशीर का केलात, मॅडम?"

 मामाने तोंडावरून हात फिरवला आणि भाचीकडे वळला.

"आलीस? आई जरा आजारी आहे गं. चल, घरी जाऊ आपण."

कसुबा त्याच्या हाताकडे बघत होती. हातात आईला भरवायची पेजेची वाटी होती, अर्धी संपलेली. पेज अजून सुकलीही नव्हती. मग तिने मोरागकडे पाहिलं.

"मॅडम, कधी गेली? मी पेपर लिहीत होते तेव्हा?"

मामाने मान खाली घातली.

"नाही," मोराग म्हणाली. "काल. कालच गेली. खरंच."

मुलीने डोळे मिटले, हळूच मान हलवली. या वेळी तिने विश्वास ठेवला. मग ती आंब्याकडे धावली आणि पहिली किंकाळी फुटली.

मोराग मागोमाग गेली आणि बायकांत जमिनीवर पाय पसरून बसली. त्यांच्यापैकी कुणीतरी संध्याकाळपर्यंत खरं काय ते सांगणारच होतं. तोवर तिने कसुबाला पाठीमागून धरून ठेवलं.