राखणीचा नारळ

स्वेच्छानिवृत्ती घेतली, जुन्या डायऱ्या रद्दीत घातल्या. पण त्या एका दुपारचा तपास डोक्यातून जात नाही.

आमच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत सह्याद्रीच्या कुशीतले एक राखीव अभयारण्य होते. सकाळी तिकीट काढायचे, वाटाड्याबरोबर पायी फिरायचे आणि पाचच्या आत फाटकाबाहेर यायचे. एके दिवशी दोनच्या सुमारास फाटकावरून फोन आला. मुंबईहून मुलासोबत आलेले सत्तरीचे गृहस्थ गटातून नाहीसे झाले होते. बेपत्ता व्यक्तीची नोंद करून मी हवालदारांना घेऊन निघालो.

वाटाड्या चाळिशीचा, पायथ्याच्या गावचा. एकच वाक्य धरून बसला होता, "मागं वळून बघितलं तर आजोबा नाय, साहेब." मुलगा रडकुंडीला आला होता, हाक मारून मारून त्याचा घसा बसला होता. वाटाड्या मात्र दगडावर बसून होता. ज्याला खरी काळजी असते तो असा बसत नाही.

धागा दिला फाटकाजवळच्या चहावाल्या बाईने. "म्हाताऱ्यानं माझ्याकडनं नारळ नेला. सोललेला देत होते, तर म्हणतो, शेंडीचा दे."

माझे हवालदार इथलेच. ते म्हणाले, "शेंडीचा म्हणजे देवाला. साहेब, हा बाबा पर्यटक नाही. रान राखीव झालं तेव्हा आतलं एक गाव उठवलं होतं. त्यातला असणार. राखण द्यायला गेलाय."

आपल्या जागेच्या राखणदाराला वर्षातून एकदा नारळ द्यायचा, ही कोकणातली रीत. मी सोलापूरकडचा, मला ती ठाऊक नव्हती.

वाटाड्याला बाजूला घेतले. "कुठे सोडलंस त्यांना?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "बंद भागात माणूस सोडला कळलं तर माझं काम जाईल, साहेब. या रानाशिवाय मला कायच येत नाय."

"तुझं नाव कुठे येणार नाही. माझा शब्द."

"तासाभरात येतो म्हणाले. हात जोडले वो त्यांनी. बापासारखा माणूस, मी काय करू?"

मुलाला घेऊन, पाऊण तास चढून तिथे पोहोचलो. गाव उरलेच नव्हते. एक दगडी जोते आणि त्यातून उगवलेली झाडे. पाय मुरगळलेले आजोबा जोत्यावर बसले होते, समोर फोडलेला नारळ. मुलाला म्हणाले, "ये, बस. इथं माझी आई भाकऱ्या थापायची." मुलगा बसला. मी घड्याळ दाखवून दोघांना उठवले. दहा मिनिटे बसू दिले असते तर काय बिघडले असते?

खरा अपराध पुढचा. अहवालात 'वाट चुकले' एवढे लिहिले असते तरी पुरे होते. पण एका नारळावरून लावलेला तपास वरिष्ठांना दिसावा, म्हणून मी सगळे लिहिले, वाटाड्याच्या नावासकट. मला शाबासकी मिळाली. अहवालाची प्रत वनखात्याकडे गेली आणि वाटाड्याचे काम गेले.

चौकशीत माणूस बोलतो तेव्हा तो समोरच्या एका माणसावर भरवसा टाकत असतो. तो भरवसा मी शाबासकीसाठी मोडला. या प्रकरणाने मला शिकवले ते एवढेच, आणि फार उशिरा.

निवृत्तीनंतर तिकीट काढून त्या रानात गेलो. परतताना चिपळूणला उतरलो. तो वाटाड्या आता तिथे एका इमारतीच्या फाटकावर पहारेकरी आहे, हे शोधून काढले होते. मी माफी मागितली. त्याने आपले स्टूल पुढे सरकवले.

"रानात जाऊन आलात? झऱ्यावरच्या जांभळीत शेकरू दिसलं काय?"

मी वर पाहिलेच नव्हते. तसे सांगितले.

"मग बघितलंत काय, पायाखालची माती?" तो हसला. "सकाळी लवकर जावा. आणि बूट आपटत चालू नका, पोलिसासारखे."

आता महिन्यातून एकदा जातो. येताना त्याच्याकडे थांबतो आणि काय काय दिसले ते सांगतो. तो रस्त्याकडे पाठ करून ऐकतो. मध्येच थांबवून विचारतो, "आणि वास कसला येत होता?"

तेवढे मला अजून नीट सांगता येत नाही.