पांढऱ्या पट्टीवरची सात नावं

तोफखान्यातलं माझं शेवटचं पोस्टिंग देवळालीचं. हवालदार म्हणून तिथूनच रिटायर झालो आणि नाशिकरोडला घर केलं. तेव्हापासून दर बुधवारी सकाळी ०७०० वाजता मी गोदाकाठच्या बाजारात हजर असतो. जुन्या सामानाच्या ढिगांतून पलटणींचे जुने झेंडे शोधतो. आजवर चौदा मिळाले. एक तर चक्क कांद्याच्या गाडीवर झाकण म्हणून बांधलेला होता. बायको म्हणते, "रिटायर झालात, पण परेड काही सुटली नाही तुमची." तिचं बरोबर आहे. पण झेंडा फुटपाथवर पडलेला मला बघवत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका बुधवारी जुनं सामान विकणाऱ्या रईसभाईंनी मोबाईलवर फोटो दाखवला. लाल-निळा झेंडा, कडेला पांढरी कॅनव्हासची पट्टी. मी मोबाईल हातात घेऊन फोटो मोठा केला. झेंडा आमच्याच बॅटरीचा, म्हणजे आमच्या तोफांच्या तुकडीचा होता. लढाईत वर डोंगरातल्या पोस्टवर जाण्याआधी आमच्या तोफेवरच्या सात जणांनी त्या पट्टीवर कॉपिंग पेन्सिलने नावं लिहिली होती, ज्याने त्याने आपापल्या लिपीत. पाणी लागलं की ती पेन्सिल पसरते.

त्या सातांत गनर विलास होता, सायखेड्याचा. तो परत आला नाही. त्याची पत्रं आईने ट्रंकेत जपली होती, गोदेच्या पुरात ती ट्रंकच गेली. मी भेटायला गेलो की ती एकच म्हणायची, "फोटू हाय रे, पण त्याच्या हातचं एक अक्षर नाय ऱ्हायलं."

"झेंडा कुठंय?" मी विचारलं.

"घरी. लय मळला होता, हवालदारसाब. बीवी आज धुणार आहे."

"फोन लावा."

लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तरी नाही.

०७५५ ला त्यांना स्कूटरवर मागे बसवून निघालो. वर पोस्टवर गोळे पडत असताना मी वायरलेसवर शांत बोलायचो. इथे सिग्नलला थांबलो तर उगाच हॉर्न वाजवत राहिलो.

०८१० ला पोचलो. अंगणात दोरीवर झेंडा निथळत होता. पट्टीच्या जागी नुसते दोरे लोंबत होते. मी मटकन ओट्यावर बसलो.

रईसभाईंच्या पत्नी शमीमभाभी आतून आल्या. त्यांच्या हातात रुमालाची घडी होती. "नावं दिसली. वाचता नाय आली. कोणाची तरी पोरं असतील म्हणून आधी पट्टी उसवून ठेवली."

सातही नावं जशीच्या तशी होती. मी उभा राहून त्यांना सॅल्यूट केला. रडू आलं, ते लपवलं नाही.

११०० वाजता सायखेड्यात विलासच्या आईच्या मांडीवर पट्टी ठेवली. तिने त्याच्या नावावरून किती तरी वेळ बोट फिरवलं. मग शेजारच्या नावांवर बोट ठेवलं.

"ही कोणाची?"

"हा नाईक बलबीर, पंजाबचा. हा गनर मुरुगन, मदुराईकडचा. दोघंही विलासबरोबरच गेले."

तिने पट्टीची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

"म्या बघितलं. आता त्यांच्या आयांना दाखीव. जित्या हाईत तवर जा."

मुरुगनच्या घरी जाऊन आलो. बलबीरच्या आईचा पत्ता अजून शोधतोय. तिने आता ऐंशी ओलांडली असेल.