चाकामागचा दगड

बायको गेली त्या दिवशी गाडी चढावावर बंद पडली नाही.

त्याआधी दर खेपेला पडायची. बायकोला डायलिसिससाठी कर्जतहून पनवेलला न्यायचं म्हणून नवी गाडी घेतली, आणि चौक गावाच्या अलीकडच्या चढावावर ती हमखास थांबू लागली. शोरूमवाल्यांसमोर मात्र नीट चालायची. चढ जवळ आला की माझे कान इंजिनाकडे लागत. उशीर झाला तर मशीन दुसऱ्या पेशंटला देतील, ही धास्ती.

तिथे डोंगरावरच्या वाडीतली एक बाई रानभाजी विकायला बसायची. गाडी थांबली की कमरेवर मूल घ्यावं तसा दगड घेऊन यायची. हँडब्रेक ओढलाय म्हटलं तरी तो चाकामागे लावायचीच. मग बायकोच्या खिडकीशी वाकायची. मी किल्ली फिरवत राही.

"दादा लई घाई करतो गं, बाय."

"लग्नातही अशीच केली होती," बायको म्हणायची आणि दोघी हसायच्या.

त्या दिवशी आम्ही न थांबता पुढे गेलो. ती दगड घेऊन उभी होती. बायकोने तिला हात केला. दुपारी मशीनवरच बायको गेली.

नंतर शोरूमने गाडीचा इंधनपंप बदलून दिला. महिन्याभराने त्या चढावावर मीच गाडी थांबवली. तिने दगड लावला, खिडकीशी वाकली.

"बाय नाय आली?"

"गेली."

ती खिडकी धरून उभी राहिली. "मंग आता घाई नाय," म्हणाली.

आता गाडीत काही बिघाड नाही. मी तिथे थांबतो आणि ती चाकामागे दगड लावते.