तांबट उठला इमारतीच्या जिवावर

हसणार नाही म्हणून कबूल करा, तरच सांगते. गेल्या रविवारी मी जे केलं ना, ते वेडी बाईसुद्धा करणार नाही!

राजाजीनगरात आमची नऊ घरांची इमारत. यंदा सेक्रेटरी मी. सेक्रेटरी म्हणजे काय हो? पाण्याची काळजी करायला नेमलेली बाई! ऐन एप्रिल, टँकरवाला फोन उचलत नाही, मोटर म्हातारी. मला स्वप्नातही टाकीचा तळच दिसायचा.

त्या सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. तेवढ्यात आवाज. टुक… टुक… टुक…

झालं! मोटर गेली!

तीन मजले धावत खाली. मोटर बंद. धापा टाकत वर. टुक, टुक, टुक!

अरे देवा! म्हणजे पाइपच! आत हवा कोंडली असणार, आता फुटणार! मी टाकीचा व्हॉल्व्ह घट्ट आवळला आणि प्लंबर मंजण्णाला बोलावलं.

त्यानं पाइपला कान लावला आणि अर्ध्या कानडीत म्हणाला, "अक्का, पाइप सरी इदे. काही झालं नाही त्याला."

"मग हे टुकटुक कसलं?"

"गोत्तिल्ला," म्हणत त्यानं खांदे उडवले.

"माहीत नाही काय? खोला!"

बिचाऱ्यानं पाइप खोलला. आवाज चालूच! मला दरदरून घाम. मोटर बंद, पाणी बंद, तरी टुकटुक? टाकीच तडकतेय की काय?

एवढ्यात खालचे कुलकर्णीअण्णा वर आले. कमरेला टॉवेल, डोक्यावर फेसाचा डोंगर. "अहो, पाणी कुठं गेलं?"

"अण्णा, स्वल्प थांबा. इमारत वाचवतेय मी!"

त्यांच्यामागून माझी नऊ वर्षांची इरा आणि तिची मैत्रीण तन्वी आल्या. गळ्यात दुर्बीण, हातात वही. महिनाभर दोघींना पक्ष्यांचं वेड. मी रोज ओरडायचे, पक्षी कसले बघता, पाढे बघा!

"आई, काय झालं?"

"ऐकू येत नाही? टुकटुक!"

दोघी फिस्सकन हसल्या. "अगं, तो तांबट आहे!"

"तांबट? कुणी बोलावला? मला नाही भांडी ठोकून घ्यायची!"

"आई! पक्षी!" इरानं दुर्बीण माझ्या डोळ्यांना चिकटवली. "समोरचा पिंपळ. अगदी वरची फांदी."

आणि दिसला हो! मुठीएवढा हिरवागार, कपाळावर लाल टिळा, गळा पिवळा. प्रत्येक टुकला मान हलवत होता. एवढ्याशा जिवानं मला तीन मजले पळवलं! मी बघतच राहिले. तन्वी कानात कुजबुजली, "काकू, जवळच घरटं असेल. वाळक्या फांदीत भोक पाडतात." मग काय, मी भोक शोधायला लागले.

"अक्का, पाइप जोडू का?" मंजण्णा.

"श्श! उडेल ना तो!"

"अहो, डोळ्यांत साबण जातोय!" अण्णा.

"अण्णा, हळू बोला!"

त्या दिवशी इमारतीला पाणी मिळालं दुपारी एकला. संध्याकाळी मीटिंग बसली आणि माझं सेक्रेटरीपद एकमतानं काढून घेतलं. एकमतानं म्हणजे अगदी एकमतानं. सगळ्यांत आधी हात वर केला तो मीच. इराबरोबर घरटं शोधायला सकाळ मोकळी हवी होती ना!